खेडच्या रणात म्यान राहिलेली तलवार

बल्लारपूर : वर्धा नदीच्या काठावर उभ्या असलेल्या येथील गोंडकालीन किल्ल्याची तटबंदी पाहताना एक प्रश्न हमखास मनात येतो. गोंड राजांची ही जुनी राजधानी, त्यांनी पुढे वसविलेले चांदा आणि भोवतालचा अफाट जंगलमुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेला तरी कसा? १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य घेतले, हे उत्तर बरोबरच आहे. पण ते अर्धे आहे. या घराण्याचे भाग्य ज्या दिवशी पक्के झाले, तो दिवस येथून कितीतरी कोस दूर, भीमेच्या काठावर उजाडला होता. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी पुणे जिल्ह्यातील खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगरच्या परिसरात, मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीकडे मोगलांच्या कैदेतून नुकतेच सुटलेले शाहू होते आणि वऱ्हाडकडचे परसोजी भोसले त्यांच्या पाठीशी होते. दुसरीकडे महाराणी ताराबाईंची फौज होती आणि तिच्या अग्रभागी होते सेनापती धनाजी जाधव. त्या दिवशी धनाजी खऱ्या अर्थाने लढलेच नाहीत. लढायचे नाही हे त्यांनी आधीच ठरविले होते आणि ज्यांना ते कळायला हवे होते, त्यांना कळविलेही होते. ज्या राणीचे ते सेनापती होते, तिला मात्र ते ठाऊक नव्हते.

धनाजी जाधव हे नाव मराठी माणसाला नवे नाही. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीनात, कारण त्यांना पाण्यातही संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या जोडीतले संताजी घोरपडे कादंबऱ्यांतून, व्याख्यानांतून आणि पोवाड्यांतून सतत भेटत राहतात. धनाजी मात्र बहुतेकदा जोडीतला दुसरा म्हणूनच येतात. खरे पाहता संताजींच्या मृत्यूनंतर ते ११ वर्षे जगले. मराठ्यांच्या गादीवर कोण बसणार, याचा निर्णय व्हायची वेळ आली तेव्हा तो पुष्कळ अंशी त्यांच्याच हाती होता.

त्यांचे घराणे सिंदखेडच्या जाधवांचे. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांना १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात दगा देऊन मारण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांचे पुत्र अचलोजी हेही मारले गेले. धनाजी हे या अचलोजींचे पणतू, असे घराण्याची वंशावळ सांगते. त्यांचा जन्म १६५० च्या सुमारास झाला. भर दरबारात विश्वासघाताने झालेल्या हत्येची आठवण ज्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जात असेल, त्या घरात हा मुलगा वाढला. पुढे जे घडले ते पाहता ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी वाटते.

प्रतापराव गुजरांच्या हाताखाली विजापूरकर बहलोलखानाविरुद्धच्या लढायांत धनाजींचे नाव प्रथम पुढे आले. प्रतापरावांच्या पश्चात हंबीरराव मोहिते सेनापती झाले आणि धनाजी त्यांच्या फौजेत राहिले. हंबीररावांची कन्या म्हणजेच ताराबाई. ज्या सेनानीच्या तालमीत धनाजी घडले, त्याच्याच लेकीची पुढे त्यांनी साथ सोडली.

१६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची क्रूर हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू औरंगजेबाच्या हाती सापडले. राजाराम महाराजांनी दूर दक्षिणेत जिंजीचा आश्रय घेतला. गादी एकीकडे, मुलूख दुसरीकडे आणि मधे सारा मोगली पसारा, अशा अवस्थेत रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी महाराष्ट्रात कारभार सावरला, तर संताजी-धनाजींनी रणांगण. १६९० मध्ये साताऱ्याजवळ रुस्तुमखान या बड्या मोगल सरदाराला त्यांनी कुटुंबासह कैद केले. धनाजींना जयसिंगराव हा किताब मिळाला तो याच काळात. १६९२ च्या अखेरीस दोघेही कर्नाटकात उतरले. संताजींनी कांचीपुरमच्या बाजूला अलीमर्दानखानाला पकडले आणि धनाजींनी जिंजीच्या वेढ्यात घुसून इस्माइलखान मका याला कैद केले. वेढा घालणाऱ्यांनाच वेढा पडला आणि काही काळ मोगलांना जिंजीसमोरून हटावे लागले.

या जिंजीच्या वेढ्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. १६९० मध्ये सुरू झालेला हा वेढा १६९८ च्या प्रारंभापर्यंत चालला. एक किल्ला घ्यायला इतकी वर्षे का लागावीत? मोगल सेनापती झुल्फिकारखान आतून राजारामांशी संधान बांधून होता आणि मुद्दाम दिरंगाई करीत होता, असा संशय त्या वेळीही होता आणि अनेक इतिहासकारांनी तो ग्राह्य मानला आहे. बादशाह वृद्ध झालेला, त्याच्या पश्चात वारसायुद्ध अटळ, अशा वेळी दक्षिणेत मराठ्यांशी मैत्री असलेली बरी, असा त्याचा हिशेब असावा. खुद्द औरंगजेबाचा धाकटा मुलगा कामबक्ष याच वेढ्यात राजारामांशी गुप्त बोलणी करताना आढळला आणि त्याला नजरकैदेत ठेवावे लागले. अखेर किल्ला पडायच्या आधी राजाराम निसटले. त्यांना वाट मिळावी म्हणून खंडो बल्लाळ चिटणीसांनी मोगलांकडे असलेल्या शिर्क्यांशी संधान बांधले आणि त्याच्या मोबदल्यात आपले दाभोळचे वतन सोडून दिले, ही कथा प्रसिद्धच आहे. तेव्हा शत्रूच्या गोटातील माणूस आतून आपला असणे म्हणजे काय, हे धनाजींनी आधीच जवळून पाहिले होते. झुल्फिकारखान आणि खंडो बल्लाळ ही दोन्ही नावे या कथेत पुन्हा येणार आहेत.

त्याआधी संताजींचे प्रकरण ओलांडून जाता येत नाही. १६९५ आणि १६९६ मध्ये कासीमखान व हिंमतखान या दोन नामांकित मोगल सरदारांचा संताजींनी पाडाव केला. त्यांचे यश जितके मोठे, तितकाच स्वभाव करडा. राजाराम आणि संताजी यांच्यात बेबनाव वाढला आणि सेनापतिपद धनाजींकडे आले. १६९६ मध्ये तमिळ मुलखात दोघे एकमेकांवर चालून गेले. त्या लढाईत संताजींनी धनाजींचा पराभव केला आणि धनाजींच्या बाजूच्या अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले. पुढच्या वर्षी विजापूरच्या बाजूला पुन्हा सामना झाला, तेव्हा संताजींच्या कठोर शिस्तीला कंटाळलेले त्यांचेच लोक धनाजींना येऊन मिळाले. एकाकी पडलेल्या संताजींना जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगररांगांत म्हसवडच्या नागोजी माने यांनी गाठून ठार केले. अमृतराव हे नागोजींच्या पत्नीचे बंधू होते.

संताजींच्या अंताचा दोष सर्वस्वी धनाजींवर टाकणे अन्यायाचे होईल. पण ते त्यातून अगदी कोरडे राहिले, असेही म्हणता येत नाही. समोरच्या फौजेतली माणसे लढाईच्या ऐन वेळी आपल्याकडे आली तर सगळा सामना कसा फिरतो, याचा अनुभव त्यांनी तेव्हा जिंकणाऱ्याच्या बाजूने घेतला.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले. पंचविशीतल्या ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसविले आणि सात वर्षे औरंगजेबाशी लढा दिला. किल्ले जात होते, परत येत होते. ताराबाईंच्या धोरणाला रणांगणावर रूप देणारा प्रमुख माणूस धनाजी हाच होता. १७०५ मध्ये वाकिनखेड्याला पिड्या नाइकाच्या मदतीला ते धावून गेले. मार्च १७०६ मध्ये गुजरातेत नर्मदेजवळ रतनपूर येथे त्यांनी मोगल फौजेचा धुव्वा उडविला आणि सफदरखान बाबीला पकडले. बादशाह दक्षिणेत अडकून पडला असताना मराठे गुजरातेत खंडणी घेत होते. ही सारी कामगिरी ताराबाईंच्या नावाने झाली, हे विसरून खेडच्या प्रसंगाकडे पाहता येणार नाही.

१७०७ च्या प्रारंभी अहमदनगरजवळ (आजचे अहिल्यानगर) औरंगजेबाचा मृत्यू झाला. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी उत्तरेकडे निघाला, तेव्हा शाहू त्याच्या छावणीतच होते. शाहूंना सोडून द्यावे, म्हणजे मराठ्यांत दुही माजेल आणि ते आपल्या पाठीवर येणार नाहीत, हा सल्ला आझमला दिला तो जिंजीवाल्या झुल्फिकारखानाने. मे १७०७ मध्ये भोपाळच्या परिसरात शाहू सुटले. मातोश्री येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. साडेसतरा वर्षांची कैद भोगलेला पंचवीस वर्षांचा हा राजपुत्र मूठभर माणसांनिशी खानदेशाकडे निघाला. वाटेत जे मोठे सरदार त्यांना येऊन मिळाले, त्यांत परसोजी भोसले अग्रणी होते. गोंडवन, देवगड, चांदा आणि वऱ्हाड या बाजूंच्या वसुलीचे हक्क त्यांना राजारामांकडून पूर्वीच मिळाले होते. म्हणजे त्यांनाही पक्ष बदलावाच लागला. फरक इतकाच की त्यांनी तो उघडपणे बदलला.

ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरविले. खरा शाहू कैदेतच मेला, हा मोगलांनी पाठविलेला बनावट माणूस आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर परसोजींनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून शंका मिटविली, असे बखरी सांगतात. आजच्या वाचकाला हे नाटकी वाटेल. पण त्या काळी कोणाच्या ताटात जेवायचे हा कुळाच्या अब्रूचा प्रश्न होता आणि लोकांना पटणारा याहून चांगला पुरावा नव्हता. ताराबाईंचा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार होता. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य बुडाले होते. राजारामांनी आणि आपण जे उभे केले ते नवे राज्य आहे आणि त्यावर शाहूंचा हक्क पोहोचत नाही, असा त्याचा आशय होता. सात वर्षांच्या त्यांच्या झुंजीकडे पाहिले, तर हा दावा उडवून लावण्याजोगा नव्हता.

सरदारांची मने डळमळत आहेत, हे ताराबाईंच्या ध्यानात आले होते. म्हणून प्रमुखांना दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घ्यायला लावण्यात आली. मग धनाजी आणि प्रतिनिधी परशुराम त्र्यंबक यांना शाहूंवर रवाना करण्यात आले. एकट्या सेनापतीवर विसंबू नये, म्हणून दुसरा विश्वासू माणूस बरोबर दिला असावा.

भीमेच्या काठी दोन्ही छावण्या पडल्या आणि गुप्त हालचालींना सुरुवात झाली. शाहू खरे की खोटे, हे पाहण्यासाठी खंडो बल्लाळ गुपचूप जाऊन आले आणि खरे असल्याची ग्वाही त्यांनी दिली. जिंजीतून राजारामांना सोडविण्यासाठी ज्याने वतनावर पाणी सोडले, त्याचा हा शब्द होता. त्याला किंमत होती. मग धनाजींचे मन वळविण्याची कामगिरी पुढे आली ती बाळाजी विश्वनाथ यांच्याकडे. मूळचे श्रीवर्धनचे भट घराण्यातले बाळाजी धनाजींच्याच पदरी वसुलीचा कारभार पाहत होते. मालकाचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता. दोघांत काय बोलणे झाले त्याचे तपशील कल्पनेने रंगविण्यात अर्थ नाही. निष्कर्ष तेवढा स्पष्ट आहे. धनाजींनी शाहूंना आतून शब्द दिला आणि आपल्या फौजेसह ताराबाईंच्या छावणीतच राहिले.

१२ ऑक्टोबरला लढाई सुरू झाली. धनाजींनी हल्ल्याचा देखावा केला, पण अंगचे बळ त्यात घातले नाही आणि मग ते शाहूंना जाऊन मिळाले. प्रतिनिधींची फौज उघडी पडली. त्यांनी झुंज दिली, पण निभाव लागण्यासारखा नव्हता. माघार घेऊन ते साताऱ्याच्या किल्ल्यात शिरले.

या कृतीला काय म्हणायचे? फितुरी हा शब्द मराठीत सूर्याजी पिसाळाच्या नावाशी जोडला गेला आहे आणि त्यात वतनाचा लोभ गृहीत धरलेला असतो. धनाजी सेनापती होतेच आणि शाहूंकडेही सेनापतीच राहिले. त्यांना वरचे पद मिळण्याजोगे नव्हते. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, थोरल्या पातीचे वारस, ही भावना रयतेत आणि शिपायांत खोलवर होती. आपल्याच माणसांचे रक्त सांडण्यापेक्षा लढाई टाळलेली बरी, असे साठीकडे झुकलेल्या या योद्ध्याला वाटले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. मात्र प्रस्तुत लेखकाला येथे एक गोष्ट खटकते. शाहू खरे आहेत अशी खात्री पटल्यावर परसोजींप्रमाणे उघडपणे बाजू बदलण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही, कारण उघडपणे गेले असते तर केवळ आपली पथके नेता आली असती. ऐन लढाईपर्यंत पदावर राहिल्यामुळे ताराबाईंची सारी मोहीमच त्यांना निकामी करता आली. शाहूंना त्याचा जितका उपयोग झाला, तितकाच ताराबाईंचा घात झाला.

इतरांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. परशुराम त्र्यंबक शपथेला जागले आणि त्यापायी कैदेत गेले. रामचंद्रपंतांबरोबर पडत्या काळात राज्य राखणारे शंकराजी नारायण सचिव यांनीही ताराबाईंसमोर शपथ घेतली होती. शाहूंवर शस्त्र धरवेना आणि शपथ मोडवेना, म्हणून त्यांनी भोरजवळ आंबवडे येथे स्वतःचा प्राण दिला, असे परंपरा सांगते. धनाजींच्याच तोलाचा हा माणूस, त्याच महिन्यांत, त्याच प्रश्नापुढे उभा होता.

अशी उदाहरणे जगात इतरत्रही आहेत. चीनच्या यादवी युद्धात जानेवारी १९४९ मध्ये राष्ट्रवादी पक्षाचे सेनापती फू झुओयी यांनी बीजिंग शहर दोन लाखांहून अधिक सैन्यासह कम्युनिस्टांच्या स्वाधीन केले. आपल्या सरकारला अंधारात ठेवून त्यांनी शत्रूशी बोलणी चालविली होती आणि त्यांची स्वतःची मुलगी कम्युनिस्टांची गुप्त कार्यकर्ती होती. जुने शहर तोफांपासून वाचले आणि फू पुढे नव्या राजवटीत मंत्री झाले. त्यांना तेथे शहर वाचविणारे म्हणून गौरविले जाते. पण ते ज्यांचे सेनापती होते, त्यांची बाजू हरली होती, हेही ध्यानात ठेवावे लागते. खेडला ताराबाई जिंकल्या असत्या, तर धनाजींचे नाव आज कोणत्या यादीत असते?

खेडनंतर घटना भराभर घडल्या. चाकण हाती आले. साताऱ्याच्या किल्ल्यात प्रतिनिधी तग धरून होते. पण किल्लेदार शेख मिरा याने त्यांनाच कैद करून किल्ला शाहूंच्या हवाली केला. म्हणजे प्रतिनिधींना आतूनच दुसऱ्यांदा दगा झाला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. धनाजींचे सेनापतिपद कायम राहिले आणि परसोजींची सेनासाहेबसुभा ही पदवी शाहूंनी मान्य केली. वऱ्हाड आणि गोंडवनाकडची भोसल्यांची वाट येथे निर्वेध झाली. त्याच घराण्यातील रघूजी चव्वेचाळीस वर्षांनी या वाटेने चांद्यापर्यंत पोहोचले.

धनाजींना मात्र नव्या राज्याची घडी बसलेली पाहता आली नाही. १७०८ च्या पूर्वार्धात शाहूंनी पन्हाळा घेतला आणि ताराबाई आश्रयाला गेलेल्या रांगण्याला वेढा घातला. हंबीररावांच्या लेकीविरुद्धची ही मोहीम पावसामुळे आवरती घ्यावी लागली. पायाच्या दुखण्याने जर्जर झालेले धनाजी परतीच्या वाटेवर जून १७०८ मध्ये वारणेच्या खोऱ्यात वडगाव येथे मरण पावले. खेडच्या लढाईला अजून वर्षही झाले नव्हते.

सेनापतिपद त्यांचे चिरंजीव चंद्रसेन यांच्याकडे आले, पण वडिलांच्या पदरचा कारभारी आता शाहूंच्या मर्जीतला झाला होता, हे त्यांना सहन होईना. चंद्रसेन आतून ताराबाईंशी पत्रव्यवहार ठेवून असल्याचा संशय शाहूंना येऊ लागला. वडिलांनी ताराबाईंचे सेनापती असताना शाहूंशी जे केले, ते मुलगा शाहूंचा सेनापती असताना ताराबाईंशी करीत होता. १७११ मध्ये शिकारीतील एका हरणावरून चंद्रसेन आणि बाळाजी यांच्या माणसांत तंटा झाला. बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले आणि पांडवगडाचा आसरा घ्यावा लागला. शाहूंनी बाळाजींची बाजू घेतली. पराभूत चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेले, तेथे त्यांना भालकीची जहागीर मिळाली. बाळाजी विश्वनाथ नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवे झाले.

१७२८ मध्ये पालखेडला बाळाजींचे पुत्र पहिले बाजीराव यांनी निजामाला कोंडीत पकडले, तेव्हा निजामाच्या बाजूने उभ्या असलेल्या मराठा सरदारांत चंद्रसेन जाधव होते. धनाजींची समाधी कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगाव येथे आहे.